आम्ल-रिफ्लक्सचे उपचार: चाचण्यांतील निकाल आणि प्रत्यक्ष अनुभव यांत एवढे अंतर का पडते?

अन्वय (प्रश्न):

छातीत जळजळणे, घशाशी आंबट पाणी येणे आणि आडवे झाल्यावर हे दोन्ही वाढणे, या रिफ्लक्सच्या (जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर येण्याच्या) त्रासासाठी मी गेली काही वर्षे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेत आहे. आठ आठवड्यांसाठी म्हणून सुरू झालेली पॅन्टोप्राझोलची गोळी पुढे तशीच चालू राहिली. मध्यंतरी ती दिवसातून दोनदा झाली, मग तिच्या जागी एसोमेप्राझोल आले, त्याचाही गुण ओसरल्यासारखा वाटला तेव्हा पुन्हा पहिल्याच गोळीवर येणे झाले. या सगळ्या बदलांत मूळ निदान कशाच्या आधारावर झाले होते, हा प्रश्न कोणी पुन्हा काढला नाही. एंडोस्कोपी एकदाच झाली, तीही गोळ्या चालू असताना. अहवालात अन्ननलिकेचे अस्तर निरोगी दिसत असल्याची नोंद आहे आणि खाली ‘उपचार चालू ठेवावेत’ एवढा शेरा आहे.

या औषधांविषयी जे वाचायला मिळते, त्यात अन्ननलिकेचे व्रण आठ आठवड्यांत भरून येण्याचे प्रमाण ऐंशी ते नव्वद टक्क्यांच्या घरात दिसते. प्रत्यक्षात मात्र वर्षानुवर्षे गोळी घेणारे आणि तरीही जळजळीची तक्रार करणारे लोक पुष्कळ भेटतात. हे अंतर औषधाच्या मर्यादेमुळे पडते, निदानामुळे, की गोळी घेण्याच्या पद्धतीमुळे? शिवाय दीर्घकाळ गोळी घेतल्यास मूत्रपिंडे, हाडे आणि स्मरणशक्ती यांवर परिणाम होतो असे जे सतत कानावर येते, त्यात कितपत तथ्य आहे? गोळी बंद करून पाहिली की थोड्याच दिवसांत जळजळ आधीपेक्षा जोराने परतते. तेव्हा ती आता आयुष्यभर लागणार असेच समजावे का? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

शुश्रूषा:

पोटविकार विभागात रुग्णांच्या तपासण्यांचे काम अनेक वर्षे करीत असल्याने आपला प्रश्न रोजच्या परिचयाचा आहे. आपण दिलेल्या तीन पर्यायांपैकी एकच निवडणे शक्य नाही, पण तिघांचा वाटा सारखाही नाही.

आधी हे पाहावे लागेल की चाचण्यांत मोजले काय जाते. ऐंशी-नव्वद टक्क्यांचा आकडा व्रण भरून येण्याचा आहे, म्हणजे ज्यांच्या अन्ननलिकेत एंडोस्कोपीने अस्तर फाटलेले दिसले अशाच रुग्णांपुरता तो आहे. लॉस एंजेलिस वर्गीकरणात अशा जखमांच्या ए ते डी अशा चार श्रेणी केल्या आहेत: पाच मिलिमीटरपर्यंतची जखम ए, त्याहून लांब असेल तर बी, घड्यांच्या माथ्यांमधून सलग पसरलेली पण घेराच्या तीन चतुर्थांशाहून कमी भाग व्यापणारी सी आणि त्याहून अधिक पसरलेली डी. रिफ्लक्सची लक्षणे घेऊन येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांत मात्र अशी जखम सापडतच नाही, तेव्हा त्यांच्या बाबतीत ‘भरून येणे’ या मोजमापालाच अर्थ उरत नाही. त्यांना जळजळ थांबलेली हवी असते, आणि त्या कसोटीवर आकडे बरेच खाली येतात. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात असे आढळले की प्राथमिक उपचारकेंद्रांतील यादृच्छिक चाचण्यांत (ज्यांत कोणाला कोणते औषध द्यायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते) पीपीआय गोळ्या, म्हणजे आपल्या पॅन्टोप्राझोल-एसोमेप्राझोलच्या गटातील गोळ्या, घेऊनही सुमारे 32 टक्के लोकांना त्रासदायक जळजळ होत राहिली, तर केवळ निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासांत लक्षणे टिकून राहिलेल्यांचे प्रमाण 45 टक्क्यांपर्यंत गेले.

आता गोळी घेण्याच्या पद्धतीकडे येते, कारण माझ्या मते सर्वांत जास्त गुण इथेच वाया जातो. पीपीआय गटातील औषध जठराच्या पेशींतील आम्ल सोडणाऱ्या पंपांना जाऊन चिकटते, पण जे पंप त्या वेळी काम करीत असतात त्यांनाच. हे पंप जेवणाने जागे होतात, आणि औषधाचे रक्तातील अस्तित्व काही तासांचेच असते. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी लागते, म्हणजे औषध रक्तात पोहोचण्याची आणि पंप सुरू होण्याची वेळ जुळते. झोपताना घेतलेली किंवा जेवणानंतर आठवण झाली म्हणून घेतलेली गोळी बऱ्याच अंशी फुकट जाते. पूर्ण परिणाम दिसायला सलग तीन ते पाच दिवस लागतात, त्यामुळे जळजळ झाली की एक गोळी घ्यायची आणि तासाभरात आराम पडला नाही म्हणून औषध कुचकामी ठरवायचे, हेही बरोबर नाही. 2006 सालच्या एका लहान अभ्यासात, गोळ्या चालू असूनही लक्षणे आटोक्यात नसलेल्या शंभर रुग्णांना ते गोळी नेमकी केव्हा घेतात असे विचारले गेले, तेव्हा निम्म्याहून कमी जण ती योग्य वेळी घेत असल्याचे दिसून आले. तपासणीच्या टेबलावर आलेल्या रुग्णाला मी पहिला प्रश्न हाच विचारते, आणि उत्तर बहुधा ‘सकाळच्या इतर गोळ्यांबरोबर, नाश्ता झाल्यावर’ असे असते.

निदानाच्या वाट्याबद्दल 2019 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला अमेरिकी माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील अभ्यास फार बोलका आहे. गोळ्यांनी न थांबणाऱ्या जळजळीसाठी पाठवलेले 366 रुग्ण त्यात घेतले होते. प्रथम सर्वांना ओमेप्राझोल दिवसातून दोनदा, जेवणाआधी, काटेकोर सूचनांसह दोन आठवडे देण्यात आले, आणि तेवढ्यानेच 42 जणांना आराम पडला. सखोल तपासण्यांनंतर 23 जणांना अन्ननलिकेचा वेगळाच विकार निघाला, तर 99 जणांची जळजळ ‘फंक्शनल’ ठरली, म्हणजे त्यांच्या अन्ननलिकेत आम्ल प्रमाणाबाहेर येत नव्हते आणि जळजळीचा आम्लाशी संबंधही जुळत नव्हता. काही जण अन्य कारणांनी गळाले. वर्षानुवर्षे ‘औषध लागू पडत नाही’ असा शिक्का बसलेल्या या मंडळींपैकी ज्यांचा त्रास खरोखर रिफ्लक्सचा आणि खरोखर औषधाला न जुमानणारा होता, असे शेवटी 78 जण उरले.

सांख्यिक:

शुश्रूषा यांच्या प्रतिसादाला मी नोंदींच्या बाजूने थोडी जोड देतो. मी आरोग्यविषयक माहितीसंचांवर काम करतो आणि रिफ्लक्सच्या उपचारांचे जे ‘प्रत्यक्षातले’ आकडे सांगितले जातात, ते कोणत्या मालमसाल्यातून तयार होतात हे जवळून पाहतो.

औषधविक्रीच्या किंवा विमादाव्यांच्या नोंदींतून एवढेच कळते की अमुक तारखेला अमुक गोळ्या रुग्णाच्या हाती पडल्या. त्या जेवणाआधी घेतल्या, नंतर घेतल्या, की कपाटात पडून राहिल्या, याची नोंद कोठेही नसते. चिठ्ठीशिवाय घेतलेली औषधे तर या हिशेबात येतच नाहीत, आणि रिफ्लक्समध्ये अशा औषधांचा वाटा मोठा असतो. त्यामुळे ‘रुग्णाने सहा महिन्यांत उपचार सोडले’ या एका ओळीमागे पूर्ण बरा झालेला, कंटाळलेला, दुष्परिणामांना घाबरलेला आणि तीच गोळी चिठ्ठीशिवाय विकत घेणारा असे चार निरनिराळे लोक उभे असू शकतात. गोळी बदलली की ती निष्फळ ठरली असे गृहीत धरणेही धोक्याचे आहे. रॅनिटिडीन या आम्ल कमी करणाऱ्या जुन्या औषधात एनडीएमए हे कर्ककारक ठरू शकणारे द्रव्य आढळल्यावर 2020 साली अमेरिकेत ते बाजारातून काढून घेण्यात आले, आणि ते घेणाऱ्यांना त्याच गटातील फॅमोटिडीनकडे किंवा पीपीआयकडे वळावे लागले. त्या वर्षीच्या नोंदींतून औषधाच्या गुणावगुणांबद्दल निष्कर्ष काढणारा हमखास फसेल.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या दुसऱ्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. दिवसातून दोन गोळ्या घेणाऱ्यांची प्रकृती नोंदींमध्ये एक गोळी घेणाऱ्यांपेक्षा वाईट दिसते, कारण आजार जास्त असतो त्यालाच मात्रा वाढवून मिळते. हाच घोळ दीर्घकालीन दुष्परिणामांच्या अभ्यासांत होतो. 2016 साली पीपीआय आणि मूत्रपिंडाचा जुनाट आजार, तसेच पीपीआय आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध दाखवणारे निरीक्षणात्मक अभ्यास आले आणि त्यांच्या बातम्या सर्वत्र पसरल्या. परंतु ज्यांना या गोळ्या दिल्या जातात ते सरासरीने अधिक वयाचे, अधिक वजनाचे आणि अधिक औषधे घेणारे असतात. हिशेबात कितीही दुरुस्त्या केल्या तरी हा फरक पूर्णपणे पुसला जात नाही. याची खरी पारख यादृच्छिक चाचणीतच होते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या कंपास चाचणीत हृदयाच्या किंवा परिघीय रक्तवाहिन्यांच्या आजाराचे 17,598 रुग्ण होते. काहींना पॅन्टोप्राझोल 40 मिलिग्रॅम आणि काहींना औषध नसलेली गोळी देऊन त्यांच्यावर सुमारे तीन वर्षे लक्ष ठेवले गेले. मूत्रपिंडाचा आजार, हाड मोडणे, न्यूमोनिया, स्मृतिभ्रंश यांपैकी कशातही लक्षणीय वाढ आढळली नाही. आतड्यांचे संसर्ग तेवढे वाढले, 1.0 टक्क्यावरून 1.4 टक्क्यांवर. तीन वर्षांचा काळ म्हणजे वीस वर्षे नव्हेत, हे मला मान्य आहे, आणि रक्तातील मॅग्नेशियम कमी होण्यासारखे क्वचित घडणारे परिणाम खरे आहेत हेही; पण ज्याला या गोळीची खरोखर गरज आहे त्याने बातमी वाचून ती परस्पर बंद करावी, इतका पुरावा या भीतीमागे मुळीच नाही. मला याची काळजी वाटते, कारण तीव्र जखमा असलेले रुग्णही अशा बातम्यांनंतर औषध सोडतात.

वाटसरू:

गोळी बंद केल्यावर जळजळ जोराने परतते, याविषयी मी रुग्ण म्हणून लिहितो. मलाही असेच वाटत होते की आता सुटका नाही. माझ्या डॉक्टरांनी मात्र गोळी सोडण्याआधीच सांगून ठेवले की पहिल्या काही आठवड्यांतील जळजळीवरून आजाराबद्दल काहीही ठरवायचे नाही, आणि त्यामागचे कारणही समजावून दिले. जठरात आम्ल दीर्घकाळ कमी राहिले की शरीर गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते, त्यामुळे आम्लनिर्मितीला उत्तेजन देणाऱ्या पेशी वाढतात, आणि गोळीचा अडसर दूर होताच त्या वाढलेल्या ताकदीने आम्ल तयार होऊ लागते. हे ओसरायला काही आठवडे जावे लागतात. डेन्मार्कमधील 2009 सालच्या एका चाचणीत तर रिफ्लक्सचा कोणताही त्रास नसलेल्या 120 निरोगी स्वयंसेवकांपैकी निम्म्यांना आठ आठवडे एसोमेप्राझोल देऊन नंतर ते बंद केले होते. त्यांच्यापैकी 44 टक्के जणांना पुढच्या काही आठवड्यांत जळजळ, आंबट पाणी असा त्रास झाला, तर सुरुवातीपासून औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 15 टक्के होते. ज्यांना आजारच नव्हता त्यांनाही गोळी थांबवल्यावर तो झाल्यासारखा वाटला, हे वाचल्यावर माझ्या मनावरचे ओझे बरेच उतरले.

माझ्या बाबतीत मात्रा आधी अर्धी केली, मग एक दिवसाआड, आणि मधल्या दिवसांत त्रास झालाच तर जेवणानंतर अल्जिनेटचे पातळ औषध, जे पोटातील अन्नावर तरंगणारा थर तयार करते. रात्रीचा त्रास सर्वांत शेवटी गेला. गोळी एकदम बंद करणेही चालते असे मी वाचले आहे, पण मला हळूहळू कमी करणे सोसले. आता जळजळ काही दिवसांसाठी परतलीच तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस सलग गोळी घेतो आणि पुन्हा थांबवतो.

अन्वय:

तिघांचेही मनापासून आभार. सांख्यिक, कंपास चाचणीबद्दल मला काहीच माहिती नव्हती. माझी गोळी सकाळी नाश्त्यानंतरच घेतली जाते, हे सांगायला हवे. आता दोन शंका उरतात. एक, गोळी कोणी मुळीच बंद करू नये? दुसरी, नवी औषधे किंवा शस्त्रक्रिया यांचे प्रत्यक्षातील निकाल खरोखर चांगले आहेत का?

शुश्रूषा:

ज्यांच्या अन्ननलिकेत सी किंवा डी श्रेणीची जखम सापडली होती, ज्यांना रिफ्लक्समुळे व्रण किंवा अन्ननलिका अरुंद होण्याचा त्रास झाला आहे, ज्यांना बॅरेट अन्ननलिका (दीर्घकाळच्या रिफ्लक्समुळे अन्ननलिकेच्या खालच्या अस्तराचे स्वरूप बदलणे) आहे, किंवा जे वेदनाशामके अथवा रक्त पातळ करणारी औषधे घेत असून ज्यांना जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका मोठा आहे, त्यांनी गोळी बंद करण्याचा प्रयोग करू नये. अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशनने 2022 साली दिलेल्या सल्ल्याचाही रोख हाच आहे. त्याच वेळी, गोळी चालू ठेवण्याचे नेमके कारण ज्यांच्या बाबतीत सांगता येत नाही अशा सर्वांसाठी ती कमी करण्याचा विचार व्हावा, असेही त्यात म्हटले आहे. आपण यांपैकी कोणत्या बाजूला येता, हे आपल्या जुन्या अहवालावरून ठरवता येत नाही, कारण गोळ्या चालू असताना केलेल्या एंडोस्कोपीत अस्तर निरोगी दिसले तर त्याचा अर्थ ‘जखम कधीच नव्हती’ असाही होतो आणि ‘जखम होती, भरून आली’ असाही.

नव्या औषधांपैकी व्होनोप्राझानला जपानमध्ये 2014 साली मान्यता मिळाली आणि अमेरिकेत अन्ननलिकेच्या व्रणांसाठी 2023 साली. ते पंपांना वेगळ्या रीतीने रोखते, त्याला आम्लाने सक्रिय होण्याची गरज नसते, म्हणून जेवणाच्या वेळेचे बंधन त्याला फारसे लागू होत नाही. रोजच्या वापरात हाच त्याचा सर्वांत मोठा फायदा ठरू शकेल असे मला वाटते. एका मोठ्या चाचणीत आठ आठवड्यांत व्रण भरून आलेल्यांचे प्रमाण व्होनोप्राझानने 92.9 टक्के आणि लॅन्सोप्राझोल या पीपीआयने 84.6 टक्के होते, आणि फरक ठळकपणे दिसला तो तीव्र जखमांमध्ये. ज्याची जळजळ आम्लामुळे होतच नाही, त्याला मात्र हे औषधही तारणार नाही.

शस्त्रक्रियेबद्दल (हिच्यात जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून झडप बळकट करतात) दोन निरनिराळ्या जगांतले आकडे शेजारी ठेवून वाचावे लागतात. लोटस या युरोपातील चाचणीत पाच वर्षांनी एसोमेप्राझोल घेणाऱ्यांपैकी 92 टक्के आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 85 टक्के जण आजारापासून मुक्त राहिले होते. पण त्यात मुळात गोळीचा चांगला गुण येणारेच रुग्ण घेतले होते आणि शस्त्रक्रियाही अनुभवी केंद्रांत झाल्या होत्या. शस्त्रक्रियेनंतर अन्न उलटून घशाशी येणे कमी झाले, मात्र गिळताना अडखळणे आणि पोट फुगणे वाढले, हे रुग्णाला आधी सांगितलेच पाहिजे. स्वीडनमध्ये 2005 ते 2014 या काळात शस्त्रक्रिया झालेल्या 2,655 रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदी तपासल्या, तेव्हा 17.7 टक्के जणांचा रिफ्लक्स परतलेला आढळला आणि त्यांतील बहुतेकांना पुन्हा दीर्घकाळ गोळ्या सुरू कराव्या लागल्या. याउलट, मी आधी सांगितलेल्या सैनिकांच्या अभ्यासात जे 78 जण काटेकोर तपासणीतून निवडले गेले होते, त्यांच्यात वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 67 टक्के जणांना निम्म्याहून अधिक आराम होता, तर अधिक औषधे दिलेल्यांपैकी केवळ 28 टक्के जणांना. रुग्ण नीट निवडला तर शस्त्रक्रिया उपकारक ठरते, आणि न निवडता केली तर जळजळ तशीच राहून वर पोटफुगी मागे लागते.

सावली:

औषधांची चर्चा सविस्तर झाली आहे, म्हणून वजनाबद्दल थोडक्यात लिहिते. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासावर आधारित 2006 सालच्या विश्लेषणात, ज्या स्त्रियांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा अंक) 3.5 किंवा त्याहून अधिक अंकांनी उतरला, त्यांच्यात वारंवार होणाऱ्या लक्षणांचे प्रमाण जवळजवळ 40 टक्क्यांनी कमी आढळले, आणि वजन सामान्य असलेल्या स्त्रियांतही वजनवाढीचा परिणाम दिसला. रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी उरकणे, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणे आणि डाव्या कुशीवर झोपणे यांचाही रात्रीच्या त्रासात उपयोग होतो. नुसत्या उशा रचल्याने मात्र पोट दुमडते आणि त्रास वाढूही शकतो. उंची पलंगाच्या पायांखाली किंवा पाठीखाली सबंध उतार येईल अशी द्यावी.

अन्वय:

शुश्रूषा, आता डॉक्टरांकडे जाताना कोणती तपासणी मागावी, आणि त्यासाठी गोळी किती दिवस आधी थांबवावी लागते?

शुश्रूषा:

प्रथम गोळी महिना-दोन महिने योग्य वेळी घेऊन पाहावी, कारण कदाचित तेवढ्याने भागेल आणि पुढे वाटसरू यांच्यासारखी ती कमीही करता येईल. ते जमले नाही तर, डॉक्टरांच्या संमतीने, दोन ते चार आठवडे गोळी थांबवून एंडोस्कोपी आणि किमान आठवडाभर थांबवून पीएच तपासणी (अन्ननलिकेत किती वेळ आम्ल राहते ते मोजणारी), अशी रीत आहे. मधल्या काळात साधी ॲन्टासिड किंवा अल्जिनेट कोणत्या दिवसापर्यंत घेता येतील, हे विचारून घ्यावे.

पीएच तपासणीत नाकातून एक बारीक नळी घालून तिचा संवेदक अन्ननलिकेच्या खालच्या झडपेच्या पाच सेंटीमीटर वर ठेवतात आणि ती चोवीस तास तशीच राहते. पर्यायाने एंडोस्कोपीच्या वेळीच एक छोटी बिनतारी कॅप्सूल अस्तराला चिकटवतात, जी चार दिवसांपर्यंत मोजमाप पाठवते आणि काही दिवसांनी आपोआप सुटून निघून जाते. कमरेला लावलेल्या यंत्रावर जळजळ झाली की बटण दाबायचे असते आणि जेवणाच्या, आडवे होण्याच्या वेळा नोंदवायच्या असतात. अन्ननलिकेत आम्ल राहण्याचा काळ एकूण वेळेच्या 4 टक्क्यांहून कमी असेल तर तो सामान्य धरतात, 6 टक्क्यांहून अधिक असेल तर रिफ्लक्स सिद्ध होतो, आणि मधल्या पट्ट्यात बटणाच्या नोंदी निर्णायक ठरतात. जळजळ झाली आणि त्या क्षणी आम्ल वर आलेलेच नव्हते, असे वारंवार दिसले तर गोळी वाढवण्यात हशील नसते. तेथे अन्ननलिकेच्या मज्जातंतूंची संवेदनशीलता कमी करणारी औषधे, पोटाने श्वास घेण्याचे व्यायाम आणि वर्तनोपचार यांचा विचार करतात.

त्या दिवसांत पुष्कळ जण त्रास टाळण्यासाठी मुद्दाम कमी खातात आणि लवकर झोपी जातात, आणि मग तपासणीत काहीच सापडत नाही. आपण नेहमीसारखेच खावे, नेहमीच्याच वेळी झोपावे आणि प्रत्येक जळजळीला बटण दाबावे. मात्र अन्न अडकू लागले, विनाकारण वजन घटू लागले, उलटीत रक्त किंवा काळी शौच दिसली, तर यातले कोणतेही वेळापत्रक न पाळता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.